रत्नाकर मिलची टीम कुणाची

इंदूरच्या रत्नाकर मिलचा भोंगा थांबला त्याला दोन दिवाळ्या उलटून गेल्या होत्या, पण मिलची हॉकी टीम काही थांबली नव्हती. थांबा म्हणून तिला कुणी सांगितलंच नव्हतं. टाळं लागलं ते सूतखात्याला, विणाईखात्याला, रंगखात्याला. मैदान मिलच्या पाठीमागे, भिंतीपलीकडे. त्याच्या फाटकाला मुळात कडीच नव्हती, तर कुलूप कशाला लागणार? दुपार कलली की शंकरराव घाडगे परदेशीपुऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांतून स्टिक घेऊन निघत, आणि मैदानावर एकेक गडी जमू लागे. कुणी दिवसभर ऑटो चालवून आलेला, कुणी पाटनीपुऱ्यात भाजीची गाडी लावून, कुणी नुसताच घरी बसून बसून वैतागलेला.

शंकरराव पन्नाशीला टेकले होते. तरुणपणी ते लेफ्ट हाफ खेळत. मिलमधली नोकरीही खेळावरच लागली. ‘मॅनेजरसाहेबांनी माझे हात नाही बघितले, पाय बघितले,’ असं ते कौतुकाने सांगत. पुढे गुडघा गेला आणि ते टीमचे उस्ताद झाले. इंदूरला जो शिकवतो तो उस्ताद, मग तो कुस्ती शिकवो की हॉकी.

मिल बंद झाली तेव्हा मजदूर समितीच्या लोकांनी त्यांना बोलावून एकच गोष्ट सांगितली होती. “उस्ताद, मैदानावर टीम उतरत राहिली पाहिजे. मैदान सुनं पडलं की कुणीतरी येऊन तंबू ठोकेल. तुम्ही खेळून राहिलात तोवर ते आपलं.” त्यामुळे शंकररावांना आपण नुसता खेळ घेतो असं वाटत नसे, पहाऱ्यावर उभे आहोत असं वाटे. आणि खरं सांगायचं तर, त्या दोन वर्षांत सकाळी उठून अंघोळ करायला त्यांच्याकडे दुसरं कारणही नव्हतं. त्यांची बायको पूर्णिमा घरी शाळेचे गणवेश शिवायची. घर तिच्या मशीनवर चालायचं. ती कधी बोलून दाखवत नसे. मशीनचा आवाज मात्र घरात सारखा असायचा, आणि शंकररावांना तो बोलण्यासारखाच ऐकू येई.

टीमचा जीव होता हरी. मिलच्या चाळीत जन्मलेला, सेंटर फॉरवर्ड. चेंडू त्याच्या स्टिकला चिकटला की सोडवायला पोलीस बोलवावे लागतील, असं लोक म्हणत. त्याची आई गंगूबाई सूत गुंडाळायच्या रीलिंग खात्यात उभं आयुष्य उभी राहिली होती आणि बदल्यात खोकला घेऊन घरी बसली होती. हरी उसन्या लोडिंग टेम्पोवर फेऱ्या मारी. त्या हिवाळ्यात त्याच्या मामाने खटपट करून पीथमपूरच्या एका गिअरच्या कारखान्यात त्याचं काम जमवलं. सोमवारी हजर व्हायचं होतं. तिथल्या पाळ्या अशा, की संध्याकाळचं खेळणं संपलंच.

हरीने हे सांगितलं तेव्हा शंकरराव म्हणाले, “जा बेटा. नोकरी पहिली.” आणि घरी येऊन न जेवता झोपले.

त्याच आठवड्यात मैदानाच्या फाटकाशी एक पांढरी मारुती व्हॅन येऊन थांबली. आतून एक तरतरीत तरुण उतरला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. “नमस्कार काका, मी निशांत,” तो स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाला. “गोपीकिशन सेठजींच्या कंपनीत असतो. आपल्या टीमबद्दल बोलायचं होतं.”

गोपीकिशन सेठ म्हणजे खाद्यतेलवाले. त्यांच्या तेलाच्या पिवळ्या जाहिराती तेव्हा अर्ध्या इंदूरच्या भिंतींवर होत्या. पण निशांतने सेठचं नाव एकदाच घेतलं. पुढचं सगळं बोलणं देवेश रायबद्दल होतं.

देवेश राय कोण हे तेव्हा कुणाला सांगायला नको होतं. सिनेमातला मोठा हिरो. वडील फौजेत, त्यामुळे लहानपणीची काही वर्षं इंदूरजवळ महूच्या छावणीत गेलेली. म्हणून इंदूरचे लोक त्याला घरचाच मानत. “देवेशजी तुमची टीम घेतायत, काका,” निशांत म्हणाला. “मालक म्हणून. आता देशात सगळं बदलतंय. मोठमोठे लोक खेळात येणार. नवी जर्सी, नवं मैदान, मुलांच्या भविष्याची सोय. मिल गेली म्हणून टीम का जावी?”

हे वाक्य शंकररावांच्या काळजाला असं भिडलं, की ते पटकन दुसरीकडे बघू लागले. दोन वर्षांत इतक्या शुद्ध मराठीत, इतक्या आदराने त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी पूर्णिमाला सगळं सांगितलं. तिने मशीन थांबवली. “हिरो मालक होणार म्हणजे काय करणार? मुलांना कामावर ठेवणार? कुठल्या कामावर?”

“अगं, हिरो आहे तो. त्याला काय कमी?”

“त्याला कमी नाही, ते माहीत आहे मला. मी विचारून राहिले, आपल्याला काय?”

“तू पण ना,” शंकरराव चिडले. “चांगलं घडतंय तर घडू दे की!”

ती पुन्हा मशीनवर वाकली.

रविवारी सकाळी मैदानावर मांडव पडला. पोहे-जलेबीची कढई लागली, बँड आला, आणि परदेशीपुरा, नंदानगर, मालवा मिल सगळीकडची माणसं भिंतींवर चढून बसली. देवेश राय आला तेव्हा असा गलका झाला की बँड ऐकू येईना. पडद्यावर दिसायचा त्याहून तो ठेंगणा होता. डोळ्यांखाली सूज होती. पण हसला की सगळं झाकलं जाई. त्याने नवी पिवळी जर्सी घातली, उलटी धरलेली स्टिक शंकररावांनी हळूच सरळ करून दिली तेव्हा त्यांना मिठी मारली, आणि माइकवर म्हणाला, “ये मेरी टीम है! ये मेरा परिवार है! रत्नाकर मिल बंद हुई होगी, रत्नाकर इलेव्हन कभी बंद नहीं होगी!”

फोटो निघाले. एका फोटोत त्याचा हात हरीच्या खांद्यावर होता. गर्दी पांगत असताना शंकररावांनी धीर केला. “सर, एक बात. लड़कों में किसी के पास काम नहीं है. इस लड़के को पीथमपूर में नौकरी मिल रही है, कल जाना है. जाने दूँ?”

देवेश रायने हरीकडे पाहिलं. मग त्याच झगझगीत आवाजात म्हणाला, “पीथमपूर? अरे उस्तादजी, मेरे रहते? ये मेरा हीरो है. मेरे बच्चे धक्के खाएँगे क्या?”

आजूबाजूच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. निशांत दोन पावलांवर उभा होता. त्याने ऐकलं आणि फाइलमध्ये डोकं घातलं. शंकररावांना ते दिसलं होतं. पण त्या क्षणी त्यांना त्याचा काही अर्थ लागला नाही, किंवा लावून घ्यायचा नव्हता.

ते तडक चाळीत गेले. गंगूबाई हरीचा डबा घासून पालथा घालत होती, दुसऱ्या दिवशीसाठी. शंकरराव उंबऱ्यावर बसले. “वहिनी, हरी उद्या पीथमपूरला नको जाऊ दे.”

“का हो?”

“मालकाने शब्द दिला. सगळ्यांसमोर दिला. टीममध्येच त्याचं भलं होणार आहे. तिकडे गेला तर खेळ गेला.”

गंगूबाईला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत तिने शंकररावांवरची नजर काढली नाही. “माझ्या भावाने पाय धरून जमवलंय हो ते काम,” ती म्हणाली. “पण त्याचा बाप गेल्यावर त्याला तुम्ही मोठा केलात. तुम्ही म्हणता तर नाही जात.”

हरी दारातच उभा होता. त्याला काय हवं होतं ते त्याला कुणी विचारलं नाही. पण त्याचा चेहरा उजळला होता, आणि शंकररावांनी तो उजळलेला चेहरा बरोबर घेऊन घर गाठलं.

पहिले काही आठवडे सगळं नव्यानवलाईचं होतं. पिवळ्या जर्सी आल्या, छातीवर तेलाचं नाव. मग निशांत म्हणाला, जुन्या मैदानावर चांगलं गवत लावायचंय, तोवर सराव बायपासजवळच्या कॉलेजच्या मैदानावर करा, गाडी येईल. गाडी थोडे दिवस आली, मग बंद झाली. गडी सायकली दामटत जाऊ लागले. कामाचं विचारलं की निशांत म्हणे, “देवेशजी शूटिंगमध्ये आहेत, काका. भोपाळच्या टीमशी मोठा सामना ठरवलाय, त्याला ते येतील, तेव्हा बोलू.” हरीच्या टेम्पोमालकाने टेम्पो दुसऱ्याला दिला. पीथमपूरची जागा तर कधीच भरली होती. हरी सरावाला येई, जीव तोडून खेळे. पण मधूनच थांबून रस्त्याकडे बघत राही. कुणाची वाट बघतोस असं शंकररावांनी विचारलं नाही. त्यांचीही नजर तिकडेच असायची.

सामन्याच्या आदल्या दिवशी शंकरराव सहज जुन्या मैदानाकडे वळले. गवत कितपत आलं बघावं म्हणून. चारही बाजूंनी पत्रे ठोकलेले होते. फटीतून पाहिलं तर आत खड्डे खणलेले, गिट्टीचे ढीग, एक मिक्सर. गोलपोस्ट उपटून भिंतीला टेकवलेले. आणि रस्त्याच्या बाजूला भलामोठा रंगीत फलक. देवेश राय पिवळी जर्सी घालून, खांद्यावर स्टिक घेऊन हसतोय. खाली लिहिलेलं, ‘रत्नाकर रेसिडेन्सी. मेरा घर, मेरा इंदौर.’ तो फोटो त्या रविवारचाच होता. बाकीची टीम कापून टाकली होती. काठाशी हरीचं कोपर तेवढं राहून गेलं होतं.

शंकरराव तिथेच पत्र्यांबाहेर सांडलेल्या गिट्टीवर बसले. समोरचा पानवाला ओरडला, “क्या हुआ भिया? पानी दूँ?”

मग ते उठले आणि पोलोग्राउंड या कारखान्यांच्या भागात गेले. तिथल्या एका जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये काच लावून सेठच्या कंपनीचं ऑफिस केलं होतं. निशांत त्यांना बघून उभा राहिला. त्यांच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं. त्याने दार लावून घेतलं.

“मैदान विकलं?” शंकररावांनी विचारलं.

“विकलं नाही, काका. कंपनीने ते मिलवाल्यांकडून आधीच घेतलं होतं. ताबा मिळत नव्हता. तुमची टीम तिथे खेळत होती ना.”

“आम्ही खेळत होतो म्हणून...”

“मजदूर समितीशी भांडण करायचं नव्हतं सेठजींना. तुम्ही आपणहून दुसरीकडे गेलात, मैदान रिकामं झालं.” तो खाली बघत बोलत होता.

“आणि देवेशजी? त्यांना माहीत आहे? टीमचे मालक आहेत ते!”

निशांतने खुर्ची पुढे केली. “काका, ते मालक नाहीत. कधीच नव्हते. तेलाची जाहिरात, तुमचा कार्यक्रम आणि उद्याचा सामना, एवढ्यासाठी कंपनीने त्यांना आणलंय. मालक म्हणायचं असं ठरलं होतं. लोकांना चेहरा लागतो.”

“मग टीम कुणाची?”

“नाव कंपनीचं आहे.”

“नाव नाही विचारत मी. पोरं कुणाची? हरी कुणाचा?”

“मीही पगारीच आहे हो काका,” निशांत म्हणाला. त्याचा आवाज खरोखर पडला होता, पण शंकररावांना त्याचा काही उपयोग नव्हता.

देवेश राय दुसऱ्या दिवशीच्या सामन्यासाठी एक दिवस आधीच येऊन महूला वडिलांच्या एका जुन्या मित्राच्या बंगल्यावर उतरला होता. एवढं निशांतने सांगितलं. ते सांगितलं हेच त्याचे उपकार. शंकरराव मिळेल ती बस पकडून महूला पोचले. बंगल्याच्या फाटकावर नेपाळी चौकीदार आत सोडेना. ते नुसतेच उन्हात उभे राहिले. अखेर देवेश राय स्वतः व्हरांड्यात आला, त्याने त्यांना ओळखलं आणि हाक मारली. “उस्तादजी! आइए, आइए.”

शंकरराव आत गेले, आणि जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरून त्यांनी त्याचे पाय धरले. आयुष्यात त्यांनी मॅनेजरचे धरले नव्हते, समितीच्या अध्यक्षाचे धरले नव्हते. “सर, मेरे लड़कों को बचा लीजिए. हरी की नौकरी मैंने छुड़वाई. आपकी बात पर छुड़वाई.”

देवेश राय एकदम मागे सरला. “कौन हरी?”

शंकररावांनी मान वर केली. त्या माणसाला खरंच आठवत नव्हतं. आठवायचा तो प्रयत्न करत होता, कपाळाला आठ्या घालून, आणि ते बघणं पाय धरण्याहूनही वाईट होतं.

“नौ नंबर,” शंकरराव म्हणाले. “आपने कहा था, मेरा हीरो है.”

“हाँ... हाँ.” तो खुर्चीवर बसला. मेकअप नसलेल्या चेहऱ्यावर आता वय दिसत होतं. “देखिए, मैं आपसे झूठ नहीं बोलूँगा. मेरा उस टीम में कुछ नहीं है. एक गेंद भी मेरी नहीं है. जो बोलने को कहते हैं, बोल देता हूँ. लोग खुश हो जाते हैं.”

“मग उद्या हेच बोला ना!” शंकररावांच्या तोंडून मराठीच निघालं, आणि मग त्यांनी हिंदीत पुन्हा सांगितलं. “कल माइक पर इतना ही बोल दीजिए. कि मालिक आप नहीं हैं. कि मैदान चला गया और लड़के सड़क पर हैं. आपकी बात सब सुनते हैं. बस एक बार.”

आतून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता. देवेश राय हळू बोलला. “चार साल से मेरी कोई पिक्चर नहीं चली, उस्तादजी. बंबई में फोन नहीं उठाते मेरा. ये लोग बुलाते हैं तो आता हूँ. कल मैं ये बोलूँ, तो परसों मुझे तेल की दुकान पर भी कोई खड़ा नहीं करेगा.” त्याने हात जोडले. “मुझे माफ कर दीजिए.”

शंकररावांनी आजवर हिरोच्या जोडलेल्या हातांचे फोटो पुष्कळ पाहिले होते. हे हात फोटोसाठी जोडलेले नव्हते. त्यांना राग यायला हवा होता, तो आला नाही. आपल्याला वाचवायला ज्याच्याकडे आलो तोच बुडतोय, हे कळल्यावर माणसाचं जे होतं तेच त्यांचं झालं. ते उठले आणि बसस्टँडवर आले.

चाळीत पोचले तेव्हा दिवे लागत होते. हरी ओट्यावर बसला होता. शंकररावांनी उभ्याउभ्याच त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता. हरी ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “म्हणजे त्याला माझं नाव पण नाही माहीत?”

“नाही.”

“उस्ताद, मी घरोघर सांगून राहिलो होतो, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला म्हणून.” तो हसला, आणि ते हसणं अर्ध्यावरच मोडलं.

सामन्याच्या दिवशी कॉलेजच्या मैदानावर मुंगी शिरायला जागा नव्हती. टीमने कपडे बदलायच्या खोलीत बसून ठरवलं होतं, खेळायचं नाही. दोघेचौघे म्हणत होते, खेळून टाकू, काहीतरी पदरात पडेल. पण हरीने जर्सी काढून बाकावर ठेवली आणि मग एकेकाने ठेवली. शंकररावांनी जाऊन निशांतला सांगितलं, “सेठजींना म्हणावं, आधी बोला. पोरांच्या कामाचं बोला, मैदानाचं बोला. मगच टीम उतरेल.”

सेठ स्वतः आले. गोरे, शांत, कपाळावर गंध. त्यांनी उघड्या अंगाने बसलेल्या अकरा माणसांवरून नजर फिरवली. ना रागावले, ना ओरडले. बाकावरच्या जर्सी बघून निशांतला म्हणाले, “ये उठवा लो.” आणि निघून गेले.

पुढचा तास शंकरराव जन्मात विसरले नाहीत. त्यांना वाटत होतं, आता बोलावणं येईल. बाहेर हजारो लोक, हिरो मंडपात, समोरची टीम भोपाळहून आलेली. सामना तर व्हायलाच हवा आणि टीमशिवाय सामना कसा होणार? ते पोरांना धीर देत होते. “बघा, येतील. त्यांची गरज आहे.” एवढ्यात बाहेर एक मिनी ट्रक थांबला. त्यातून कुठल्याशा हॉस्टेलची मुलं उतरली, काही बुटांत, काही चपलांत. निशांत त्यांना जर्सी वाटू लागला. मापं जुळत नव्हती. एका किडकिडीत मुलाने नऊ नंबरची जर्सी डोक्यातून ओढली आणि ती त्याच्या मांड्यांपर्यंत आली.

पिवळी टीम मैदानात उतरली तेव्हा असा जल्लोष झाला की खोलीच्या काचा थरथरल्या.

शंकरराव धावत दोरीपाशी गेले. देवेश रायने पहिला चेंडू मारला, लोकांनी डोक्यावरचे रुमाल उडवले. माइकवाल्याच्या हातात आधीच छापलेला कागद होता, त्यावरची नावं तो आवेशाने वाचत होता. खेळ सुरू झाला. समोरच्या टीमनेही समजून-उमजून ढिलं सोडलं असावं, कारण थोड्याच वेळात त्या किडकिडीत मुलाच्या स्टिकला लागून चेंडू गोलात गेला.

“गोल! हरी का गोल! परदेशीपुरा का शेर, हरी!” माइक गरजला.

शंकररावांच्या शेजारीच हरी उभा होता. उघडा, कमरेला टॉवेल गुंडाळलेला.

“तो हरी नाही!” शंकरराव ओरडले. “वो हरी नहीं है! हरी ये है! ये टीम नहीं है!” त्यांनी हरीचा दंड धरून वर केला. हरी तो सोडवून घेऊ लागला.

“अरे बैठो ना भिया,” मागून कुणीतरी वैतागून म्हणालं. “हीरो नहीं दिख रिया.”

कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं. परदेशीपुऱ्यातले, नंदानगरचे, वर्षानुवर्षं ज्यांनी हरीला खेळताना पाहिलं होतं तेही मंडपाकडे माना ताणून बघत होते. मग शंकररावांना काय झालं कुणास ठाऊक, ते दोरीखालून आत शिरले आणि लंगडत लंगडत थेट गोलपोस्टसमोर जाऊन उभे राहिले. चेंडू येत होता, तो त्यांनी पायाखाली दाबला आणि हात पसरले. खेळ थांबला. मैदानभर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, पिलेला है. शंकररावांनी मंडपाकडे पाहिलं. देवेश राय खुर्चीतून उठला होता. पूर्ण उभा. त्याने माइककडे बघितलं, सेठकडे बघितलं. क्षणभर शंकररावांना वाटलं, हा बोलतोय. तो खाली बसला.

दोन हवालदारांनी काखेत हात घालून त्यांना बाहेर नेलं. त्यांची एक चप्पल आतच राहिली.

दुसऱ्या दिवशी ते हरीला घेऊन पीथमपूरला गेले. कारखान्याच्या फाटकाबाहेर त्यांच्यासारखे कितीतरी उभे होते. मिलवाले निम्मे ओळखीचे. आतल्या बाबूने हरीचं नाव ऐकलं आणि आठवून म्हणाला, “तुमको तो बुलाया था ना? आए क्यों नहीं?” शंकरराव पुढे झाले. “मेरी गलती है साहब. मैंने रोका.” बाबूने खांदे उडवले. आता जागा नव्हती, आणि पुढे कधी होईल हे तो सांगू शकत नव्हता.

परत येऊन ते गंगूबाईसमोर उभे राहिले. त्यांना वाटलं होतं ती शिव्या देईल, आणि द्यावी असंच त्यांना वाटत होतं. ती चुलीपाशी बसली होती. “बसा,” ती म्हणाली. चहा टाकला. मग भांड्याकडे बघतच म्हणाली, “तुम्हाला वाईट वाटावं असं नाही म्हणत, शंकरराव. पण यापुढे माझ्या पोराबद्दल काही ठरवायचं झालं, तर त्यालाच ठरवू द्या.”

त्यांनी मान हलवली. चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, ती बघत होती म्हणून.

टीम संपली. कुणी सुरतेला गेलं, कुणी देवासला. मजदूर समितीने मैदानासाठी एक मोर्चा काढला, त्यात शंकरराव सगळ्यांत मागे चालले. समितीच्या लोकांच्या नजरेला नजर देण्याची त्यांची हिंमत नव्हती. इमारती उभ्या राहिल्या. देवेश रायचा फलक उन्हाने फिकट होत गेला आणि एक दिवस त्यावर दुसऱ्याच कुणाचा चेहरा लागला.

हरीने इंदूरजवळच्या हातोदच्या धान्यमंडीत हमालीचं काम धरलं. सोयाबीनचा हंगाम होता, पोती उचलायला माणसं हवी होती. हे कळल्यावर शंकरराव पूर्णिमाला म्हणाले, “मी पण जातो.”

“तुम्ही? त्या गुडघ्याने?”

“घरात बसवत नाही मला.”

ती मशीन सोडून उठली आणि दोन डबे भरले. एक त्यांचा, एक हरीचा.

मंडीत पहिल्या पोत्याखालीच त्यांचा गुडघा मुडपला आणि ते पोत्यासकट धुळीत बसले. मुकादम हसला. हरी आपलं पोतं ट्रकवर टाकून परत येत होता. त्याने त्यांच्या पाठीवरचं पोतं आपल्या पाठीवर घेतलं.

“तुम्ही सावलीत बसा, उस्ताद.”

“उस्ताद म्हणू नको रे मला.”

हरी पोत्याखाली वाकलेला, घामाने निथळत होता. “मग काय म्हणू?” त्याने विचारलं. तो तसाच थोडा वेळ थांबला आणि ट्रककडे चालू लागला. शंकरराव जमिनीला हात टेकून उठले, कपडे झटकले आणि पुढच्या पोत्याचं एक टोक धरून दुसरं टोक धरायला कुणी येतंय का बघू लागले.